पार्लो, पार्ली अन् आमची वच्छला

...अन् सहा! एका बोलन्याले सहा रूपं! नाई, तुमी हसू नका, हसन्यासारखं काई नाई याच्यात. तुमाले सांगतो, मी नागोराव मास्तर, तामसीच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता डोस्क्याचे केस पांढरे झाले, "मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो" फळ्यावर लिहून लिहून पोटात खडूची खान झाली, पन आपल्याच घरी, आपल्याच ओसरीत, सकाळच्या च्याच्या टायमाले, आपल्याच बायकोच्या तोंडून "पार्लो, पार्ली, पार्ला" ऐकाची पाळी येईन असं जर मले कोनी आदल्या दिवशी सांगितलं असतं ना, तं त्याले मी भैंशाच्या जिनिंगमंदी नेऊन कापसाच्या गंजीत पुरलं असतं! पन झालं! जे होऊ नये ते झालं! आता बोला!

आमची वच्छला, म्हंजे माही बायको, आदिलाबादच्या एका मिशनच्या दवाखान्यात आया. सकाळच्या बसनं जाते, सांजच्या बसनं येते, आली का चुलीपाशी. पोरगी लगन होऊन किनवटले गेली, घरात आमी दोघंच, सारं कसं सुरळीत चालू. एका सांजी आली, पिशवी ठेवली, म्या पेपरातून तोंड वर न करता म्हनलं, "च्या ठेव वं." तं ही बाई बसली! कुठी बसली? माह्या खुर्चीवर! अन् म्हने कशी, "आवो, मी इटलीले चालली."

म्या म्हनलं, "इच्चोड्याले? इच्चोड्याले कोनाचं काय हाय?"

"इच्चोडा नाई हो, इटली! इमानानं जाचं. दोन साल. सिस्टर लोकाइचा तठी म्हाताऱ्या बायाइचा आश्रम हाय, त्याइले उठवाले-बसवाले, न्हाऊ-जेऊ घालाले मानूस पाह्यजे. मोठ्या सिस्टरनं सगळ्या आयाइतून मलेच इचारलं."

म्हंजे पाहा तुमी! जी बाई बाजारहत्नूरपल्याड एकटी गेली नाई, जिले बसमंदी खिडकीपाशी जागा नसली का मळमळते, ती इमानात बसनार! अन् मले कोन उठवन-बसवन? मले कोन जेऊ घालन? मी काय म्हातारा नाई झालो का? पन हे सारं मनातल्या मनात. आता बोला!

बरं, हे सारं चालू होतं ओसरीत, अन् ओसरी म्हंजे गावचा रेडिओ. एसटीडी बूथवाला चंपत आला, शेजारची बयनाबाई आली. ही बयनाबाई म्हंजे सारी उमर दुसऱ्याच्या वावरात निंदन-कापूस येचनारी म्हातारी, दात गेले पन जबान शाबूत. वच्छलेनं त्याइले सांगितलं का असं-असं हाय, पन जाच्या आंधी परीक्षा हाय, इटलीची एक म्हातारी सिस्टर हैदराबादले येनार, तिच्यासंगं तिच्या भाषेत बोलाचं, जमलं तं जाचं, नाई तं राहाचं. हे ऐकलं अन् माह्या जिवात जीव आला. म्या मनात म्हनलं, सातवी शिकलेली बाई, ते बी पंचवीस-तीस साल झाले, हिच्यानं काय होते! मंग मोठेपना कायले सोडा? म्या छाती फुगवली अन् चारचौघात बोललो, "पास झाली तं जा! नागोराव मास्तराची ना नाई!"

बयनाबाई म्हने, "गुर्जी, शबूद देला बरं का!"

"देला!"

फुकटचा मोठेपना असा अंगलट येते बापा. आपल्या लोकाइत चारचौघात देलेला शबूद वापस घेता येत नाई, घेतला तं मढ्यावर बी लोक तेच बोलतात.

दुसऱ्या दिवशीपासून घरात इटली घुसली. एक पुस्तक, एक कॅसेट. कॅसेटमंदी एक बाई, आवाज गोड पन दमच घेत नाई, "पार्लो! पार्ली! पार्ला!" असं वाटे का कोनाच्या तरी वावरातून डुकरं हाकलून राह्यली. अन् पुस्तक इंग्रजीत! इंग्रजी घरात कोनाले येते? मले! म्हंजे माह्याच बायकोले इटलीले धाडाचा अभ्यास कोनं घ्याचा? म्याच! च्याचा पत्ता नाई, भाकरीचा पत्ता नाई, अन् मी पुस्तक हातात घेऊन बसलो, "हं, म्हन, मी बोलतो!" आता बोला!

तुमाले सांगतो, काय भाषा हाय ती! त्याइच्या क्रियापदाच्या तीन भावक्या. एक 'आरे'वाली, एक 'एरे'वाली, एक 'इरे'वाली. बोलनं म्हंजे पार्लारे. त्याचं 'आरे' तोडाचं अन् दुसरं शेपूट लावाचं. 'ओ' लावला तं मी, 'ई' लावली तं तू, 'आ' लावला तं तो, नाई तं ती. मंग पार्ल्यामो, आपुन बोलतो. पार्लाते, तुमी बोलता. पार्लानो, ते बोलतात. अन् मी, तू, तो म्हनाची गरजच नाई, शेपटावरूनच समजते कोन बोलून राह्यलं! दवाखान्याच्या सिस्टरनं हिले सांगितलं, "वच्छला, पहले ये रेगुलर वाला याद करो, ये सब अच्छा बच्चा है, रूल से चलता है." म्या म्हनलं, हे जर नियमानं चालनारे गुनी लेकरं, तं उनाड कसे असतीन!

अन् तिकडं बाई बोलो का बुवा बोलो, दोघाइचं बी 'पार्लो'च. हे मातर मले पटलं. आपल्याकडं बी बाया 'मी जातो, मी येतो'च म्हनतात, अन् पुन्याकडचे लोक आपल्याले हसतात. आता हसा म्हना इटलीले! पन दुसऱ्याच दिवशी ही दवाखान्यातून काय शिकून आली? मोठ्या मानसाले मान देऊन बोलाचं असलं तं 'तू' नाई म्हनाचं, 'ती' म्हनाचं! मानसाले बी! म्या म्हनलं, "म्हंजे तिकडच्या मास्तराले काय म्हनतात?" तं डोळे मिचकावून म्हने, "ती जेवली का?" तीन दिवस मले हेच! "ती शाळेत गेली नाई का अजून? ती आंघोळीले उठते का?" गावात मले मान हाय हो! चंपत हसून हसून बूथमंदी लोळला.

पन खरं सांगतो, मी आतून निर्धास्त होतो. काऊन का, कॅसेटच्या चालीत हिच्या डोस्क्यात काई जाईच ना. सकाळी पाठ, सांजी सपाट. 'क्रेदेरे' म्हंजे इस्वास ठेवनं, क्रेदो, क्रेदी, क्रेदे... हे म्हनता म्हनता तव्यावरची भाकर करपे, अन् भाकरीसंगं क्रेद्यामो बी करपे. 'दोर्मीरे' म्हंजे झोपनं, तं झोपनं पाठ करता करताच ही झोपे. पाऊसकाळ सरत आला, परीक्षा जवळ आली, मी शाळेत शीळ वाजवत जाओ. हेडमास्तर म्हने, "काय गुर्जी, खुशीत?" म्या म्हनलं, "घरी अभ्यास जोरात हाय!"

मंग हिनं काय केलं? आमच्या घरी सकाळी वंदना असते. त्रिसरन, पंचशील, पालीतून. लहानपनापासून पाठ, अर्थ थोडा ठाऊक, थोडा नाई, पन चाल कशी अंगात भिनलेली. एका सकाळी पंचशील संपलं, हिचे हात तसेच जोडलेले, डोळे तसेच मिटलेले, अन् त्याच चालीवर, त्याच सुरात, "पार्लोऽऽ... पार्लीऽऽ... पार्लाऽऽ..." माह्या अंगावर काटाच आला! "वच्छले! हे काय वं?" तं म्हने, "चाल पाठ हाय ना, मंग शब्द आपसूक बसतात." अन् बसले हो! सहाच्या सहा! तिन्ही भावक्या! आठ-पंधरा दिवसात बाई अशी धडाधड म्हनाले लागली का माह्याच तोंडाचं पानी पळालं. आता बोला!

अन् मंग आलं ते बाजारहत्नूरचं लगन. माह्या सख्ख्या बयनीच्या पोरीचं. मी मामा, पांढरी पँट, पांढरा सदरा, मांडवात मान. सारे जमले, नवरा-नवरी उभे, हार हातात, अन् लगन लावनारे बौद्धाचार्य कुठी? त्याइची बस रस्त्यात बंद पडलेली. नवरदेवाचे काका उद्धवराव, म्हंजे तहसीलमंदी पेशकारी करून रिटायर झालेले, मोठे कडक. आपल्याकडं मुहूर्त कोनी मानत नाई, पन उद्धवराव घड्याळ मानतात! ते म्हने, "ते येईपर्यंत वंदना तरी सुरू करा. म्हनते कोन?" तं बयनाबाईनं हिले पुढं ढकललं, "आमची वच्छला म्हनन, तिचा आवाज पाहा कसा!"

हिनं डोळे मिटले. हात जोडले. त्रिसरन म्हनलं, मांडव मागून म्हने. पंचशील म्हनलं, मांडव मागून म्हने. गोड आवाज, सारे तल्लीन, मी बी तल्लीन. पंचशील संपलं... अन् मले एकदम आठवलं का आमच्या घरी पंचशीलाच्या मागं काय असते! म्या "वच्छ—" म्हनलं, तोवर निंघालं, "पार्लोऽऽ..."

अन् मांडव? मांडव म्हने, "पार्लोऽऽ..."

"पार्लीऽऽ..." "पार्लीऽऽ!"

तुमाले सांगतो, दोनशे मानूस! हात जोडून! नवरी म्हनून राह्यली, नवरदेव म्हनून राह्यला, माही बयीन डोळे पुसत म्हनून राह्यली, उद्धवराव तं सगळ्याइच्या वर आवाज काढून, "पार्ल्याऽऽमोऽऽ!" मी उभ्या उभ्या घामानं भिजलो. थांबवाव तं कसं? चालू वंदनेत कोनी कोनाले टोकते का? अन् ही डोळे मिटून सुरात, एक भावकी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, शेवटी सवयीनं थांबली, अन् साऱ्या मांडवानं मोठ्यानं, मनापासून, "साधु! साधु! साधु!" आता बोला!

मंग हिनं डोळे उघडले. माह्याकडं पाह्यलं. माहं तोंड पाहून तिच्या ध्यानात आलं, अन् हात तोंडावर गेला. उद्धवराव माह्याकडं वळले, "गुर्जी, हे कोनतं सुत्त म्हनाचं? आमच्या निर्मलकडं म्हनत नाई हे. बाकी लय गोड हाय!"

आता तुमीच सांगा, म्या काय कराव? माह्या डोस्क्यात लख्खकन उजेड पडला. खरं सांगून टाकलं तं चार गावची मानसं हिले अशी झाडतीन का ही इटलीचं नाव काढनार नाई. शबूद बी राह्यला, बायको बी राह्यली! म्या खाकरलो अन् खनखनीत आवाजात म्हनलं, "सुत्त नाई, उद्धवराव. इटलीची भाषा हाय. माही बायको तिकडं जाईन म्हनते, तिचा अभ्यास हाय हा."

उद्धवरावाच्या मानेची शीर अशी टरारली, "वंदनेत? लगनात? गुर्जी, तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या मानसाच्या घरात हे?" माही बयीन रडाले लागली. अन् वच्छला, खाली मान घालून, डोळ्यातून पानी, म्हने, "चुकलं माहं. सवय लागली तोंडाले. मी कुठी जात नाई. ठेवून देतो ते पुस्तक."

झालं! हेच ऐकाले मी किती दिवसाचा आसुसलो होतो! अन् तुमाले सांगतो, ऐकलं तं गोड लागलंच नाई. का नाई लागलं, ते मले इचारू नका.

तेवढ्यात बयनाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. "थांबा जरासं. वच्छले, त्याचा अर्थ काय होते वं?"

"कशाचा, मावशी?"

"तेच, पयलंच. पार्लो-पार्ली."

वच्छलेनं पदरानं नाक पुसलं. "मी बोलतो. तू बोलतं. ती बोलते. आपुन बोलतो. तुमी बोलता. त्या बोलतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग वाईट काय बोलली वं ही?" बयनाबाई साऱ्या मांडवाकडं वळली. "माही सारी उमर दुसऱ्याच्या वावरात गेली. निंदता निंदता तोंड वर केलं का मुकडदम अंगावर ये. 'मी बोलतो' म्हनाले आमाले कोनी शिकवलंच नाई, ना मराठीत, ना कशात. ही पोरगी शिकवून राह्यली तं तुमाले झोंबते काऊन? म्हन वं वच्छले आखीन एकडाव. मंगाशी आंधळ्यावानी म्हनलं, आता समजून म्हनतो."

अन् म्हनलं हो! बायकाइच्या बाजूनं सारा मांडव उठला, मागच्या चुलीवरच्या बी आल्या, हाताले पीठ तसंच. "आपुन बोलतो!" कोनी मराठीत, कोनी इटलीत! उद्धवराव घड्याळाकडं पाहात राह्यले. पन शेवटी सारे जेव्हा "साधु" म्हनले ना, तेव्हा त्याइचा बी आवाज होता, बारीकसा, म्या माह्या कानानं ऐकला. तवाच बौद्धाचार्य धापा टाकत मांडवात आले अन् म्हने, "सुरू केलं का?" आता बोला!

त्याच्या पुढं काय राह्यलं सांगाचं? हैदराबादले म्याच घेऊन गेलो. बसमंदी खिडकीपाशी बसवलं. इटलीची सिस्टर म्हंजे वाळलेल्या काडीवानी म्हातारी. मी बाहेर बाकड्यावर. आतून आधी काईच आवाज नाई, म्या म्हनलं, गेली, घाबरली. मंग आलं, चालीवर! "पार्लोऽऽ..." म्या तोंड झाकून घेतलं. मंग ती म्हातारी हसली, अन् मंग काय इपरीत, ती बी चालीवर! दोघी बी संगं! बाहेर परीक्षेले बसलेल्या पोरी एकमेकीकडं पाहू लागल्या. वच्छला बाहेर आली, म्हने, "पास." अन् माह्या डोळ्यातून टपकन पानी आलं. लोकाइले वाटलं, आनंदाचं.

गेली. थंडीच्या आंधी गेली. अन् तुमाले वाटलं असन, इटली एकदाची घरातून गेली? कायची! पुस्तक, कॅसेट इथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तं ओसरीत बयनाबाई, तिच्या मागं तिच्या सुना, चंपतची बायको, अंगनवाडीवाली, बाजारहत्नूरहून आलेली माही बयीन! "गुर्जी, आमाले बी पाठ करून द्या." म्या म्हनलं, "बयनाबाई, या वयात तुमी इटलीले जाऊन काय करसान?" तं म्हने, "मी कायले जाऊ? पन ह्या पोरी जातीन ना! अन् मले बोलाचं हाय!" आता सकाळी माह्या ओसरीत इटालियनचा वर्ग. अन् सांजी? सांजी ह्याच बायकाइचे नवरे, कढई-तवे घेऊन! "गुर्जी, तुमी एकटे कसे राह्यता, आमाले बी शिकवा, आमच्या बी चालल्या तं काय कराव?" मले काय येते कप्पाळ! मी बी त्याइच्यातच मागं बसतो, अन् बयनाबाई शिकवते, भात कसा लावाचा. गावभराचे नवरे मले शिव्या देतात अन् माह्याच चुलीवर हात भाजून घेतात.

अन् परवाचा आयतवार. चंपतच्या बूथवर तिचा फोन याचा दिवस. मी उभा, माह्या मागं सांजच्या वर्गाचे सारे नवरे कान लावून, अन् काचेपल्याड सकाळच्या वर्गाच्या साऱ्या बाया. फोन वाजला. "आवो," म्हने, अन् रडाले लागली. म्हने, लय थंडी हाय. आश्रमातली एक म्हातारी रोज खेकसते. भाकर नाई, आपल्या भाषेतलं कोनी नाई. "नाई करमत मले. आवो, वापस येऊ का?"

तुमाले सांगतो, चंपतनं हात जोडले मले. मागचा एक जन कानात कुजबुजला, "गुर्जी, ये म्हना! ये म्हना! ती आली का सगळ्याच गप बसतीन." अन् खरं सांगतो, माह्या बी ओठावर तेच होतं. घर खायाले उठते हो. पन काचेतून पाह्यलं तं त्या साऱ्या माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या, बयनाबाई बी, तिच्या सुना बी, पोरं काखेत घेऊन. अन् म्या म्हनलं, "नको येऊ वं, वच्छले. दोन साल म्हनलं ना, दोन साल राहा. त्या म्हातारीले म्हन, मास्तराची बायको हाय म्हन, खेकसू नको. इकडं सारं बराबर हाय."

"जेवन-खावन?" म्हने.

"मस्त!" म्हनलं, अन् फोन ठेवला.

मागं वळलो तं सारे नवरे असे उभे, जसं कोनी मेलं. चंपत म्हने, "गुर्जी... हे काय केलं तुमी?"

म्या म्हनलं, "चला रे बाबा हो. तिकडं भात लागत असन."